नित्य वाहून नेण्याच्या लॅपटॉपचा टिकाऊपणा

लॅपटॉप विकत घेताना त्याचा वेग आणि किंमत यांची चौकशी सर्वच जण करतात. परंतु जो लॅपटॉप पिशवीत घालून रोज गर्दीच्या बसने किंवा आगगाडीने न्यावयाचा आहे, तो किती वर्षे टिकेल हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आणि विचारला तरी कवच धातूचे आहे काय, एवढ्यावर तो संपतो.

कवचाला महत्त्व आहेच. अ‍ॅल्युमिनियमची घनता पाण्याच्या २.७ पट, तर मॅग्नेशियमची १.७४ पट असते. सारख्या जाडीचे पत्रे घेतल्यास अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा अधिक ताठ ठरतो. परंतु पत्र्याचा वाकण्यास होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. वजन तेवढेच ठेवून मॅग्नेशियमचा पत्रा सुमारे दीडपट जाड करता येतो, आणि हिशेब केला असता तो अ‍ॅल्युमिनियमहून जवळजवळ २.४ पट ताठ भरतो. १९८२ सालच्या ग्रिड कंपास या घडी मिटणाऱ्या आद्य संगणकाचे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे होते. १९८३ साली तो कोलंबिया या अमेरिकन अवकाशयानातून अंतराळात जाऊन आला. प्लॅस्टिक या बाबतीत मागे पडते खरे. पण थोडे दबले तरी ते पूर्ववत होते. अ‍ॅल्युमिनियमला पडलेला पोचा मात्र तसाच राहतो.

ताठपणा हवा तो पडद्यासाठी. पडद्याची काच अत्यंत पातळ असते. पिशवीत चार्जरचा ठोकळा झाकणाला टेकलेला असला आणि गर्दीत बाहेरून रेटा बसला, तर सारा दाब एका लहानशा जागी एकवटतो.

पडण्याचे गणित निराळे आहे. ७५ सें.मी. उंचीच्या टेबलावरून पडलेला लॅपटॉप फरशीवर २ मि.मी. अंतरात थांबला, तर त्यावर सरासरी त्याच्या वजनाच्या सुमारे ३७५ पट बल येते. पिशवीतील मऊ अस्तराने हे अंतर १ सें.मी. केले, की तेच बल ७५ पटींवर येते. अस्तर असलेली पिशवी महागड्या कवचाइतकीच उपयोगी पडते, ती यामुळे. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असे व चालू असताना बसलेला धक्का तिला घातक ठरे. हलते भाग नसलेल्या एस.एस.डी.मुळे ती भीती उरलेली नाही.

जाहिरातींत ‘सैनिकी दर्जा’ असे शब्द आढळतात. त्यांचा रोख एमआयएल-एसटीडी-८१० या अमेरिकन मानकाकडे असतो. हे मानक प्रथम १९६२ साली प्रसिद्ध झाले. त्यातील एका चाचणीत वस्तू १२२ सें.मी. उंचीवरून २६ वेळा पाडतात. परंतु हे २६ आघात पाच नगांपर्यंत वाटून घेण्याची मुभा असते. शिवाय कोणत्या चाचण्या करावयाच्या हे बहुधा उत्पादकच ठरवितो आणि सैन्य त्याला प्रमाणपत्र देत नाही. तेव्हा कोणत्या चाचण्या केल्या, हे विचारल्यावाचून या शब्दांना फारशी किंमत देऊ नये.

आमच्या मते खरी परीक्षा बिजागरीची आहे. पडदा हव्या त्या कोनात स्थिर राहावा म्हणून बिजागरी घर्षणाने घट्ट ठेवलेली असते. दिवसातून दहा वेळा उघडझाप केली, तर वर्षाला ३,६५० वेळा हे घर्षण मोडावे लागते आणि प्रत्येक वेळी त्याचा ताण बिजागरीच्या स्क्रूंवर येतो. स्वस्त यंत्रांत हे स्क्रू प्लॅस्टिकच्या खुंट्यांत बसविलेल्या पितळी नळ्यांत घट्ट केलेले असतात. कालांतराने खुंटी तडकते, नळी निसटते, आणि एके दिवशी पडदा उघडताना कवचाची शिवण फाकते. एकच कोपरा धरून पडदा उचलण्याच्या सवयीने हे लवकर घडते, कारण त्यामुळे चौकटीला पीळ बसतो. दुकानात झाकण मधोमध धरून सावकाश उघडून पाहावे. बिजागरीजवळचे प्लॅस्टिक फुगताना किंवा करकरताना आढळले, तर ते यंत्र रोजच्या प्रवासासाठी घेऊ नये.