अंगणवाडीत नुसतं खेळवतात? मग पोर शिकतं कधी?

जून लागला की गावोगावी एकच विषय निघतो, पोराला कुठं घालायचं? सकाळी फाट्यावर इंग्लिश मीडियमची व्हॅन येते. टाय लावलेलं तीन वर्षांचं पोर अर्धवट झोपेत आत बसतं. दुपारी वहीत दोन पानं एबीसीडी लिहून आणतं आणि घरचे खूश होतात. त्याच गल्लीतलं दुसरं पोर अंगणवाडीत जातं. "आज काय शिकवलं रं बाईंनी?" असं आजीनं विचारलं की ते सांगतं, "मण्यांची माळ केली. पाण्यात खेळलो." आजी कपाळाला हात लावते. "नुसतं खेळवतात. शिकवत काहीच नाहीत."

ही तक्रार जवळपास प्रत्येक गावात ऐकू येते आणि ती काळजीपोटीच असते. पोराची फी भरायला घरचे पोटाला चिमटा काढतात. पण तीन ते सहा या वयात पोर नेमकं कसं शिकतं हे समजून घेतलं, तर मण्यांची माळ आणि एबीसीडीची दोन पानं यांतलं जास्त मोलाचं काय, याचा हिशोब वेगळा लागतो.

आधी हात, मग पेन्सिल

माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. बाळ जन्मतं तेव्हा ती कानाच्या पाळीवरच्या कुर्चेसारखी मऊ असतात. तिसऱ्या वर्षी त्यातली थोडीच टणक झालेली असतात, बाकीची पुढं काही वर्षं हळूहळू घट्ट होत जातात. बोटांचे बारीक स्नायूही अजून पुरते ताब्यात आलेले नसतात. म्हणून या वयाचं पोर पेन्सिल मुठीत धरतं आणि पाटीवर जोर देऊन रेघोट्या ओढतं. त्याला ओळीत ‘अ’ काढायला बसवलं तर हात लवकर दुखतो, अक्षर बिघडतं, मग ओरडा बसतो. लिहिणं म्हणजे त्रास, हे त्याच्या मनात तिथंच बसतं.

आता तेच पोर चिमटीनं चिंचोके वेचतं, दोऱ्यात मणी ओवतं, शेंगा सोलतं, मातीचा गोळा मळतं. पेन्सिल ज्या तीन बोटांत धरायची, तीच बोटं इथं तयार होतात.

आकड्यांचंही तसंच आहे. एक ते पन्नास घडाघडा म्हणणाऱ्या पोराला "पाच चिंचोके दे" म्हणून बघावं. पुष्कळ पोरं मूठभर उचलून देतात. त्यांना शब्द पाठ झालेले असतात, पाच म्हणजे किती ते कळलेलं नसतं. एकेक चिंचोका उचलून मोजला, दोन ढीग केले, कुठला मोठा ते पाहिलं, की ‘पाच’ हातातून डोक्यात जातो. तांब्यातलं पाणी वाटीत ओतताना जास्त-कमी कळतं. मूग-मटकी वेगळी करताना सारखं-वेगळं कळतं. गणिताचा पाया तोच.

ही पद्धत आली कुठून?

इटलीतल्या मारिया माँटेसरी या पेशानं डॉक्टर. १९०७ साली रोम शहरातल्या सान लोरेंझो या गरीब कामगारांच्या वस्तीत त्यांनी लहान मुलांसाठी ‘बालघर’ सुरू केलं. मुलांना रांगेत बसवून शिकवण्याऐवजी त्यांनी हाताळायच्या वस्तू पुढं ठेवल्या. लहान-मोठे लाकडी ठोकळे, भोकात नेमके बसणारे दट्टे, खरखरीत कागदाची अक्षरं. मुलं आपल्या मनानं वस्तू उचलायची आणि एकच काम पुनःपुन्हा करण्यात रमून जायची.

आपल्याकडं गुजरातेत भावनगरला वकिली सोडून शिक्षणात आलेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर काढलं. त्यांच्यासोबत तिथं काम केलं ते मुंबईच्या ताराबाई मोडक यांनी. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ सुरू झाला. पण ही सगळी बालमंदिरं शहरातली. लाकडी साधनं महाग, इमारत हवी, वेळेवर पोहोचवणारे पालक हवेत. खेड्यातल्या पोरांचं काय, हा प्रश्न उरलाच होता.

बोर्डी आणि कोसबाडनं दाखवलेली वाट

१९४५ मध्ये ताराबाई डहाणू तालुक्यातल्या बोर्डी गावात आल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं. अनुताई वाघ तिथं त्यांच्या सहकारी झाल्या. बालवाडी निघाली, पण गोरगरिबांच्या वस्तीतली पोरं तिथं येईनात. आईबाप कामावर गेलेले, पोरांना आणणार कोण?

मग त्यांनी उलटा मार्ग धरला. पोरं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच पोरांच्या अंगणात न्यायची. अंगणात भरते ती अंगणवाडी. आज देशभर चालणाऱ्या अंगणवाडीच्या नावाचं मूळ इथलं. पोरांना आंघोळ घालणं, नखं काढणं, केस विंचरणं इथून दिवस सुरू व्हायचा, कारण स्वच्छता हाही शिकण्याचाच भाग होता. महागड्या लाकडी साधनांची जागा बिया, शंख-शिंपले, खडे, पानं आणि माती यांनी घेतली. पैसे लागले नाहीत आणि पोरांना वस्तूही ओळखीच्या होत्या.

१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथं वारली समाजाची वस्ती. मोठी मुलं गुरं-शेळ्या राखायला जात आणि मुली धाकट्या भावंडांना सांभाळत. शाळेला वेळ कुठला? मग गुरं चरतात त्या कुरणातच शाळा भरवली, ती ‘कुरणशाळा’. आणि पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकाच जागी आणली, ती ‘विकासवाडी’. धाकटं भावंड पाळणाघरात ठेवून थोरली बहीण शेजारच्या वर्गात बसू लागली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण, तर अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली.

म्हणजे खेळातून शिकवणं हे शहरी फॅड नव्हे. आपल्याच महाराष्ट्रातल्या खेड्यांत, ज्यांच्याकडं पाटी घ्यायलाही पैसे नव्हते त्यांच्या पोरांसाठी ते घडवलं गेलं.

पोराच्या कलानं म्हणजे मोकाट सोडणं नाही

इथं एक गैरसमज होतो. पोराच्या कलानं घ्यायचं म्हणजे पोरं मोकळी सोडून ताईंनी रजिस्टर भरत बसायचं, असा अर्थ नाही. पोरांसमोर कुठल्या वस्तू मांडायच्या ते ताई ठरवते. त्यातली कुठली उचलायची आणि किती वेळ रमायचं ते पोर ठरवतं. वस्तू जागेवर ठेवायची, दुसऱ्याचं होईपर्यंत थांबायचं, हे नियम सगळ्यांना. पोर कुठं अडलं ते ताईनं बघायचं आणि गरज पडली तरच हात लावायचा.

सरकारी कागदावर काय, जमिनीवर काय?

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. त्यात आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी यांच्याबरोबर तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं शिक्षणही पहिल्यापासून आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ या वयाची पाच वर्षं हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आणि तो खेळातून, कृतीतून शिकवावा असं सांगितलं. २०२३ मध्ये केंद्रानं ‘पोषण भी पढाई भी’ हा अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणाचा उपक्रम सुरू केला.

पण आजीची तक्रार काही ठिकाणी खरीही असते. सेविका एकटी. वजन-उंची घेणं, मोबाईलवर नोंदी, घरभेटी, बैठका, आहार हे सगळं तिच्याच गळ्यात. शिकवायचा वेळ त्यातच जातो. साहित्याची पेटी कपाटात कुलूपबंद राहते आणि खिचडी खाऊन पोरं घरी येतात. अशा वेळी "एबीसीडी लिहून घ्या" ही मागणी करून उपयोग नाही. पेटी उघडून पोरांच्या हातात द्या, ही मागणी करायला हवी.

अंगणवाडीत गेल्यावर काय पाहावं?

• खेळायचं साहित्य पोरांच्या हाताला येईल असं मांडलंय का?
• रोज गोष्ट, गाणी आणि गप्पा होतात का? पोरं बोलतात, की फक्त ताई बोलते?
• घरची बोली बोललेली चालते, की त्यावरून हसतात?
• चित्रं, मातीकाम पोरांच्या हातचं आहे, की मोठ्यांनी करून दिलेलं?
• मैदानावर पळणं, चढणं, उड्या मारणं होतं का?

यातल्या कमी असलेल्या गोष्टी ग्रामसभेत किंवा पर्यवेक्षिकेसमोर मांडता येतात. गावातला सुतार, कुंभार, गोष्टी सांगणारी आजी आठवड्यातून एकदा अंगणवाडीत गेली तर सेविकेचाही भार हलका होतो.

घरी काय करता येईल?

यासाठी काही विकत आणायला नको. भाकरी करताना पिठाचा छोटा गोळा पोराच्या हाती द्यावा. शेंगा सोलायला, भाजी निवडायला शेजारी बसवावं. ताटं मांडताना "घरात माणसं किती, ताटं किती?" असं विचारावं. काम हळू होईल, थोडं सांडेल, तेवढं चालवून घ्यावं. एक खबरदारी मात्र घ्यावी. मणी, हरभरे, चिंचोके पोरं नाकात-तोंडात घालतात, म्हणून मोठं माणूस जवळ हवं. तीन वर्षांच्या आतल्या बाळाच्या हाती बारीक वस्तू देऊच नये. पाण्याच्या बादलीपाशी कुणाही पोराला एकटं सोडू नये.

आणि पोर अंगणवाडीतून आलं की "काय शिकवलं?" याऐवजी "काय केलंस, मला दाखव बरं" असं विचारून पाहावं. मणी ओवून दाखवताना ते आजीलाच मोजून सांगेल, लाल किती अन् पिवळे किती.