एकांकिकेचा प्रस्ताव: प्राचार्यांच्या सहीपर्यंत

डोंगरकड्याहून सकाळच्या एसटीनं कळमनुरीला नाहीतर नांदेडला कॉलेजात जाणाऱ्या मुलांनी एकांकिका बसवायची ठरवली, की नट मिळतात, लेखकही मिळतो. घोडं अडतं ते अर्जापाशी. ‘आम्हाला नाटक करण्याची परवानगी मिळावी’ एवढ्या एका ओळीवर कुठलेही प्राचार्य सही करणार नाहीत, आणि त्यात त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही. पैसे किती लागणार, जबाबदार कोण आणि पोरं घरी किती वाजता पोचणार, एवढंच त्यांना कळायला हवं असतं.

आधी प्रयोग कुठे करायचा ते ठरवा. हिंगोली जिल्ह्यातली कॉलेजं 1994 साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. या विद्यापीठाचा युवक महोत्सव ‘ज्ञानतीर्थ’ नावानं भरतो. महोत्सवासाठी बसवायचं तर नियम आधी वाचा. भारतीय विद्यापीठ संघाच्या युवक महोत्सवात एकांकिकेला 30 मिनिटं मिळतात आणि कलाकार जास्तीत जास्त नऊ चालतात. आपल्या विद्यापीठाचं त्या वर्षीचं परिपत्रक वेगळं असू शकतं, ते मागून घ्या. बारा पात्रांची संहिता (म्हणजे नाटकाचा लिखित मजकूर) निवडून नंतर तीन मित्रांना ‘तू नको’ म्हणण्यासारखं वाईट काम नाही.

संहितेची परवानगी ही दुसरी पायरी. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 52 इथे आपल्या बाजूचं आहे. प्रयोग संस्थेच्या उपक्रमाचा भाग असेल आणि समोर फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक व संस्थेशी संबंधित माणसं बसली असतील, तर लेखकाचा हक्क मोडत नाही. तोच प्रयोग गावच्या जत्रेत करायचा तर लेखकाची लेखी संमती हवी. जाहीर प्रयोगासाठी महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही लागतं. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं उलटली, की त्याचं लेखन सगळ्यांसाठी खुलं होतं. राम गणेश गडकरी 1919 साली गेले, नाट्यछटाकार दिवाकर 1931 साली. त्यांचं लेखन बेलाशक घ्या.

आता प्रस्ताव. दोन पानं पुरेत. पहिल्या पानावर कथासार दहा ओळींत द्या, आणि शेवटासकट द्या. ‘शेवट रंगमंचावरच बघा’ असं मुलं हौसेनं लिहितात. प्राचार्यांना मात्र त्यातून भलताच वास येतो. विषय जातीचा, कर्जाचा किंवा राजकारणाचा असेल तर तो लपवू नका. का निवडला ते दोन वाक्यांत सांगा.

मग माणसं. दिग्दर्शक विद्यार्थी असला तरी एका शिक्षकाचं नाव जबाबदार म्हणून लागतंच. त्यांना आधी भेटा, संहिता वाचायला द्या आणि मगच नाव घाला. न विचारता घातलेलं नाव हे प्रस्ताव परत येण्याचं हमखास कारण. आणखी एक, माझा हट्ट समजा हवं तर: दिग्दर्शकानं स्वतः मुख्य भूमिका घेऊ नये. समोर बसून बघणारा कुणी उरला नाही, की नाटक आतून कितीही रंगलं तरी मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही.

सगळ्यात जास्त डोकं तालमींच्या वेळापत्रकाला लावा. आमच्या भागात दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची काढणी येते. निम्मे नट शेतात असतात. ते दिवस सरळ सोडून द्या. रोजची तालीम शेवटच्या एसटीच्या तासभर आधी संपेल अशी ठेवा आणि ती वेळ प्रस्तावात लिहा. मुलींच्या पालकांची संमती तोंडी नको, कागदावर घ्या. निम्मं नाटक बसल्यावर घरून ‘उद्यापासून नाही’ असा निरोप येतो, तो बहुतेक याच कारणानं.

खर्चाचा तक्ता थोडक्यात आटपतो: नेपथ्य म्हणजे रंगमंचावरची मांडणी, वेशभूषा, रंगभूषा, संहितेच्या छायाप्रती, चहा-नाश्ता, प्रवास. विसरतं ते सामान नेणाऱ्या टेम्पोचं भाडं. लाकडी चौथरे, ज्यांना नाटकवाले लेव्हल म्हणतात, ते एसटीत चढत नाहीत. कॉलेजातल्या बाकांवर आणि घरच्या बाजेवर भागत असेल तर तसं लिहा, आकडा खाली येतो. पावत्या पक्क्या आणि कॉलेजच्या नावानं घ्या, नाहीतर पैसे दिग्दर्शकाच्या खिशातून जातात.

अर्ज द्यायला दोघं-तिघंच जा, पंधरा जणांचा घोळका नको. ‘नंतर बघू’ असं उत्तर आलं तर तारीख मागा. संहितेतलं एखादं वाक्य बदला म्हणाले तर तिथल्या तिथे हो किंवा नाही म्हणू नका. आधी लेखकाशी बोला.

आणि अर्जाच्या दोन प्रती न्या. एक कार्यालयात द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती स्वतःजवळ ठेवा.