ताप किती, त्याआधी बाळ केवढं?

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये; लगेच दवाखाना गाठावा. या वयात प्रतिकारशक्ती कच्ची असते. संसर्ग रक्तात किंवा मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतो आणि बाहेरून फारसं काही दिसत नाही. उलट काही नवजात बाळं आजारपणात गार पडतात. तेही तितकंच धोक्याचं.

कपाळाला हात लावून अंदाज येतो, आकडा कळत नाही. काख कोरडी पुसा, डिजिटल थर्मामीटरचं टोक खळग्यात ठेवा आणि बीप वाजेपर्यंत बाळाचा हात अंगाशी धरून ठेवा. 99.5 फॅरनहाइट (37.5 सेल्सिअस) किंवा जास्त भरलं, तर तो ताप. बाळ टोपडं-दुपट्यात गच्च गुंडाळलेलं असेल, तर पंधरा-वीस मिनिटं मोकळं ठेवून पुन्हा मोजा.

जंतू शिरले की रोगप्रतिकारक पेशी रसायनं सोडतात. त्यांच्या इशाऱ्यावरून मेंदूतला हायपोथॅलॅमस शरीराचं ठरलेलं तापमान वर सरकवतो. उष्णता राखण्यासाठी त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात. म्हणून कपाळ तापलेलं आणि तळवे मात्र गार लागतात. अशा वेळी गार पाण्याने पुसलं, तर बाळ कुडकुडतं आणि ताप चढायला मदतच होते. सुती कपडे, हवेशीर खोली आणि वरचेवर अंगावरचं दूध पुरेसं.

पॅरासिटामॉल वजनावर ठरतं: किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर. इथे बाटली नीट वाचा. ड्रॉप्सच्या 1 मिलिलिटरमध्ये सहसा 100 मिलिग्रॅम औषध असतं. साध्या सिरपमध्ये तेवढं 4 मिलिलिटरमध्ये. सिरपच्या मापाने ड्रॉप्स पाजले, तर चौपट औषध पोटात जातं. ॲस्पिरिन बाळाला देऊच नये.

सहा महिने ते पाच वर्षं या वयात तापात झटका येऊ शकतो. बाळाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नका, घड्याळ पाहा. झटका पाच मिनिटांत थांबला नाही, तर तातडीने रुग्णालय गाठा. लवकर थांबला, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

ताप उतरल्यावर मोठं बाळ खेळू लागलं, दूध ओढू लागलं, तर एखादा दिवस लक्ष ठेवून थांबता येतं. पण ते मलूलच राहिलं, धाप लागली, लघवी कमी झाली किंवा दाबल्यावरही फिके न होणारे लालसर-जांभळे ठिपके अंगावर उठले, तर थर्मामीटर काहीही दाखवो, वाट पाहू नका.