रंगावरील वर्तुळाकार ओरखडे : पॉलिश व पॅडची निवड

मलकापूर, नांदुरा, खामगाव या राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या पट्ट्यात उन्हाळभर उडणारी काळ्या जमिनीची धूळ कोरड्या फडक्याने पुसली, की मोटारीच्या रंगावरील पारदर्शक थरात, जो साधारणतः ४० ते ५० मायक्रॉनच जाड असतो, सूक्ष्म ओरखडे उमटतात आणि प्रखर उन्हात ते कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसू लागतात. खरे पॉलिश ते भरीत नाही, तर भोवतालचा थर झिजवून पृष्ठभाग समतल करते. आणि झिजलेला थर परत मिळत नसल्यामुळे प्रथम मृदू फोमचा पॅड व सौम्य पॉलिश यांचीच तजवीज करावी, बॉनेटच्या हातभर भागावर परीक्षा घ्यावी, आणि तेवढ्याने कार्यभाग न साधल्यासच कठीण फोम, मायक्रोफायबर वा लोकरीचा पॅड आणि कंपाउंड (अधिक कापणारे पॉलिश) यांकडे वळावे. लोकर जलद कापते खरी, परंतु मागे जी धूसर छटा ठेवते ती सौम्य पॉलिशने पुन्हा काढावीच लागते. रंगाची कठीणता गाडीगणिक भिन्न असते, म्हणून ही परीक्षा प्रत्येक गाडीवर नव्याने घ्यावी. मलकापूरच्या वैशाखात तापलेल्या पत्र्यावर हे काम मुळीच करू नये. काही ग्लेझ ओरखडे तात्पुरते बुजवतात, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पातळ द्रावणाने पुसूनच निकाल पाहावा.