रामघाटावरचा प्रश्न : केमिस्ट्री घेऊन पुढं काय?

काशीच्या रामघाटावर सकाळ उजाडते ती वेदपठणाच्या सुरात. वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालय इथलंच. रामघाट, दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा हा सगळा पट्टा म्हणजे काशीतला जुना मराठी मुलूख. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर बनारसी हिंदी, अशी कित्येक कुटुंबं इथं पिढ्यान्‌पिढ्या नांदली. १६७४ साली शिवराज्याभिषेकासाठी रायगडावर गेलेल्या गागाभट्टांचं घराणं मूळचं पैठणचं, पण नांदलं काशीतच. शास्त्र आणि अध्ययन इथल्या मराठी माणसाच्या अंगवळणी पडलेलं आहे. फक्त आता घरातला मुलगा किंवा मुलगी बारावी सायन्स होते आणि शास्त्र या शब्दाचा अर्थच बदलतो.

निकाल लागला की अशा घरात होणारं बोलणं थोड्याफार फरकानं सारखंच असतं. मुलगी म्हणते, मला केमिस्ट्री आवडते. वडील विचारतात, केमिस्ट्री घेऊन करायचं काय? आजोबांना वाटतं, मास्तरकीशिवाय यात काही नाही. पुण्याची मावशी फोनवर सांगते, इकडे पाठवून द्या. या गदारोळात खरा प्रश्न बाजूलाच राहतो. केमिस्ट्री घ्यायची की नाही, एवढ्यावर पुढचं फारसं ठरत नाही. ती कोणत्या दारानं घ्यायची आणि तिच्या जोडीला कोणता विषय ठेवायचा, यावर बरंच काही ठरतं. सतराव्या वर्षी केलेली ही निवड विसाव्या वर्षी बदलायला गेलं तर वर्ष वाया जातं.

एका झाडाच्या फांद्या

रामघाटाच्या मुलांचं भाग्य असं, की देशातल्या रसायनशिक्षणाचं एक मोठं घर त्यांच्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. पंडित मदनमोहन मालवीयांनी १९१६ साली बनारस हिंदू विद्यापीठ उभं केलं. शांतिस्वरूप भटनागर लंडनहून डी.एस्सी. होऊन १९२१ मध्ये इथं प्राध्यापक म्हणून आले आणि १९२४ पर्यंत राहिले. विद्यापीठाचं कुलगीतही त्यांनीच लिहिलं. पुढे सीएसआयआर उभी करणारे भटनागर ते हेच.

मालवीयांचा हट्ट होता तो मात्र उपयोगी रसायनशास्त्राचा. तेल, साबण, काच, औषधं देशातच बनावीत आणि ती बनवणारी पोरं इथंच शिकावीत! औद्योगिक रसायनशास्त्राचा विभाग ज्यांनी सांभाळला ते डॉ. एन. एन. गोडबोले हे मराठी गृहस्थ. १९३२ साली महादेवलाल श्रॉफ यांनी बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमात औषधी रसायन हा विषय आणला. पाचच वर्षांत, १९३७ मध्ये, त्यातून स्वतंत्र बी.फार्म. पदवी निघाली. देशातल्या फार्मसीच्या पदवीशिक्षणाचा उगम हा असा केमिस्ट्रीच्या वर्गात आहे. घरच्यांना औषध कंपनीतल्या नोकरीची स्वप्नं पडत असतील, तर ही हकीकत त्यांना जरूर सांगावी.

पुढं या फांद्या वेगळ्या झाल्या. विद्यापीठाची तंत्रविषयक कॉलेजं १९६८ मध्ये एकत्र करून इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी झाली आणि २०१२ मध्ये तिची आयआयटी झाली. त्यामुळे आज त्याच झाडीत, त्याच रस्त्यांवर दोन निरनिराळी दारं आहेत. फार्मास्युटिकल, सिरॅमिक, केमिकल इंजिनियरिंग हे आयआयटीचं दार. त्याला जेईई अॅडव्हान्स्डची किल्ली लागते. रसायनशास्त्राची बी.एस्सी. हे विद्यापीठाचं दार. २०२२ पासून त्याला सीयूईटी ही केंद्रीय परीक्षा लागते. 'बीएचयूत अॅडमिशन हवी' असं नुसतं म्हणून भागत नाही. कुठल्या दाराशी उभं राहायचं हे अकरावीतच ठरवावं लागतं, कारण दोन्ही परीक्षांची तयारी सारखी नाही.

सीयूईटी तेरा भाषांतून देता येते आणि त्यात मराठी आहे. पण नुसतं तेवढ्यावर हुरळून जाऊ नये. परीक्षा मराठीत देता आली तरी वर्गात पुस्तकं इंग्रजी आणि बोलणं हिंदी-इंग्रजी. रामघाटाच्या मुलाला त्याची सवय असते. साताऱ्याहून किंवा बेळगावहून काशीला जाणाऱ्यानं पहिलं सत्र जड जाणार हे धरूनच निघावं.

जोडीदार महत्त्वाचा

बी.एस्सी.ला केमिस्ट्री एकटी येत नाही. गणिताच्या गटातून आलेला विद्यार्थी तिच्याबरोबर फिजिक्स आणि गणित घेतो, जीवशास्त्राच्या गटातून आलेला वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र. इथंच पुष्कळांची गफलत होते. डॉक्टर व्हायचं म्हणून अकरावीला गणित सोडलेलं असतं, नीटमध्ये मार्क कमी पडतात आणि मग 'चला, केमिस्ट्री करू' म्हणून बी.एस्सी. पदवी मिळते, ती वाईटही नसते. पण पुढं एम.एस्सी.साठी आयआयटीची जॅम परीक्षा द्यायची म्हटलं, की काही संस्था गणित कुठवर केलंय ते विचारतात. आणि त्यांनी नाही विचारलं तरी भौतिक रसायनशास्त्राची पुस्तकं विचारतातच. क्वांटम केमिस्ट्री, थर्मोडायनॅमिक्स, रासायनिक अभिक्रियेचा वेग यांतलं काहीही कलनाशिवाय पुढं सरकत नाही.

म्हणून ज्याला संशोधनाकडे किंवा मोठ्या उद्योगाकडे जायचंय, त्यानं केमिस्ट्रीबरोबर गणित सोडू नये. जीवशास्त्राची जोडी टाकाऊ मुळीच नाही. औषधं, अन्नतपासणी, जैवरसायन अशा वाटेला तीच उपयोगी. फक्त ती ठरवून घेतलेली असावी, उरलेली म्हणून नव्हे.

काशीत गणिताचा आदर्श शोधायला मराठी माणसाला लांब जायला नको. विष्णू वासुदेव नारळीकर इथं गणिताचे विभागप्रमुख होते. त्यांचे चिरंजीव जयंत याच परिसरात वाढले आणि १९५७ साली इथूनच बी.एस्सी. होऊन केंब्रिजला गेले.

तीन वर्षं की चार?

आता पदवीचं गणितही बदललंय. यूजीसीनं डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यात पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स अशी व्यवस्था आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर चौथं वर्ष संशोधनासह करता येतं. चार वर्षं केल्यावर एम.एस्सी. एका वर्षाची होऊ शकते आणि चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर पीएच.डी.साठीही पात्र ठरता येतं.

मध्येच बाहेर पडायची सोय कागदावर छान दिसते. पण एका वर्षाची केमिस्ट्री शिकलेल्याला कोण काम देणार? घरावर संकट आलं तर केलेलं वाया जाऊ नये, एवढाच तिचा उपयोग. ठरवून निघताना तीन किंवा चार वर्षांचाच खर्च डोळ्यांपुढं ठेवावा.

घराजवळची वाट

बीएचयू मिळालं नाही म्हणजे सगळं संपलं, असा एक समज बनारसमध्ये फार घट्ट आहे. रामघाटावरून पायी जाता येईल अशा अंतरावर मैदागिनचं हरिश्चंद्र महाविद्यालय आहे. भोजूबीरला १९०९ पासूनचं उदय प्रताप कॉलेज आहे. तिथं विज्ञान शिकवतात आणि कॉलेज स्वायत्त आहे. मुलींसाठी बीएचयूच्याच आवारात १९२९ साली सुरू झालेलं महिला महाविद्यालय आहे, जिथली पदवी विद्यापीठाचीच. मुलीला इतक्या लांब रोज कसं पाठवायचं, हा प्रश्न रामघाटावर अजूनही विचारला जातो. वसतिगृहाची चौकशी अर्ज भरण्याआधी केली, तर निदान नकार अज्ञानातून येणार नाही.

साध्या कॉलेजातून पदवी घेऊन पुढं मोठ्या ठिकाणी जाण्यात काही कमीपणा नाही. भारतरत्न सी. एन. आर. राव यांनी बी.एस्सी. आपल्या म्हैसूरलाच केली आणि एम.एस्सी.साठी ते काशीत आले. १९५३ साली इथून ती पदवी घेऊन बाहेर पडले. गावातल्या कॉलेजात तीन वर्षं मनापासून केली आणि मग जॅम किंवा सीयूईटीची पदव्युत्तर परीक्षा दिली, तर खर्चही निम्म्यावर येतो आणि मूलही थोडं मोठं झालेलं असतं.

मावशीचं पुणं

आता पुण्याच्या मावशीकडे वळू. पुण्यात आयसर आहे, २००६ पासून. पाच वर्षांची बी.एस.-एम.एस., त्यात केमिस्ट्री हा मुख्य विषय घेता येतो, प्रवेश आयसरच्या स्वतःच्या परीक्षेतून. शेजारीच १९५० साली सुरू झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. मुंबईला १९३३ पासूनची जुनी यूडीसीटी, आजची आयसीटी, रंग, तेल, औषधं, पॉलिमर यांचं तंत्रज्ञान शिकवते. पण काशीकर मराठी पालक इथं हमखास ठेचकाळतात. आडनाव मराठी, बोली मराठी, कुलदैवत कोकणातलं. तरी महाराष्ट्र सरकारच्या लेखी मूल परप्रांतीयच! अधिवासाचा दाखला नसला तर राज्याच्या कोट्यातल्या जागा त्याच्यासाठी नाहीत. आयसीटीसारख्या ठिकाणी बाहेरच्यांनी जेईई मेनमधून यायचं असतं. आयसरला मात्र अधिवासाचा प्रश्नच नाही. म्हणून मावशीनं खोली रिकामी ठेवण्याआधी हे पाहून घेतलेलं बरं.

शिकून काम कुठं?

वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर निम्मं तरी बनारसमध्येच सापडतं. बनारसी साडीचं रेशीम रंगवतात, ते सगळं रसायनशास्त्र. रंग धाग्यावर का बसतो, धुतल्यावर का उतरतो, उरलेलं रंगीत पाणी कुठं जातं, हे जाणणारा माणूस या धंद्याला हवाच आहे. दुसरं म्हणजे समोर वाहणारी गंगा. गंगा कृती योजनेचा आरंभ १९८६ साली याच शहरात झाला. संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र हे विद्यापीठात सिव्हिल इंजिनियरिंगचे प्राध्यापक होते. त्यांच्या संस्थेनं तुलसीघाटावर पाणी तपासायची प्रयोगशाळा थाटली. पाण्यात विरघळलेला प्राणवायू किती, मैला कुजायला तो किती लागतो, हे मोजायचं टायट्रेशन बी.एस्सी.च्या जर्नलमध्येच असतं. याखेरीज औषध कारखान्यांतला गुणवत्ता नियंत्रण विभाग, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, खतं, सिमेंट आहेत. बी.एड. करून शाळेत शिकवणं आहेच. आजोबा अगदीच चुकीचं बोलत नव्हते.

खरं सांगायचं तर नुसत्या बी.एस्सी.वर मिळणारा पहिला पगार बहुधा बेताचाच असतो. पगार वाढतो तो एम.एस्सी.नंतर किंवा हातातल्या कौशल्यामुळे, आणि ते कौशल्य प्रयोगशाळेतच येतं. म्हणून कॉलेज बघायला गेल्यावर इमारत आणि फलक बघण्यात वेळ घालवू नये. सरळ केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये जाऊन दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावं : आठवड्याला प्रॅक्टिकल किती होतात? ब्युरेट एकेकाला मिळते की चौघांत एक? सॉल्ट तुम्ही स्वतः ओळखता की जर्नल उतरवून काढता? स्पेक्ट्रोफोटोमीटरला हात लावू देतात का, की तो कपाटात कुलूपबंद असतो? ही उत्तरं माहितीपत्रकात छापलेली नसतात. मुलं मात्र ती खरी देतात.