सुईची भीती वाटते? चाचणी टाळू नका, भीती बोलून दाखवा

घरात दिवस गेल्याची बातमी आली की मुबारकबादी सुरू होते. सासूबाई नजर उतरवतात, माहेरी फोन जातो, कोणी मिठाई आणतो. पण त्याच वेळी काही भगिनींच्या मनात एक धास्ती बसलेली असते, जी त्या कोणालाही सांगत नाहीत. आता रक्त तपासायला जावे लागणार, दंडाला पट्टा बांधणार, सुई टोचणार, या नुसत्या विचारानेच त्यांच्या हाताला घाम सुटतो. मग आज अंगात कणकण आहे, उद्या पाहुणे येणार आहेत, अशा सबबींवर तारीख पुढे जाते. घरच्यांना वाटते, सून आळस करते. ती मात्र आतल्या आत घाबरलेली असते.

ही भीती खरी आहे आणि तिच्यावर उपायही आहेत. त्या उपायांबद्दल आम्ही या लेखात बोलणार आहोत.

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील गोसीखुर्द हे नाव वैनगंगेवरील धरणामुळे सगळीकडे पोहोचले. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते या प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. पुढे पाणी अडले, अनेक गावे उठली, नव्या जागी वसली. अशा भागात गरोदर बाईला सगळ्या चाचण्या करायच्या तर गावचे उपकेंद्र पुरत नाही. पवनीला, कधी भंडाऱ्याला जावे लागते. त्यात एसटीची वेळ, सोबत येणाऱ्याची बुडणारी मजुरी आणि पावसाळ्यात धानाची रोवणी. एवढे करून गेलेली बाई सुई पाहून परत फिरली, तर दुसरी खेप लवकर होत नाही. शहरात जी तारीख आठवड्याने पुढे जाते, ती इथे दोन महिन्यांनी पुढे जाते. म्हणून भीतीची तयारी घरातूनच करून निघणे इथे जास्त गरजेचे आहे.

एवढ्या चाचण्या कशासाठी?

पुष्कळ घरांत वडीलधारी मंडळी म्हणतात, "आम्हाला पाच-पाच मुले झाली, आम्ही कुठे रक्त तपासले?" त्यांचे म्हणणे उडवून लावू नये, पण त्यांना नीट समजावून सांगावे. काही गोष्टी चेहरा पाहून किंवा नाडी धरून कळत नाहीत. त्या फक्त रक्तातूनच कळतात.

पहिली गोष्ट हिमोग्लोबिन. गरोदरपणात ते ११ ग्रॅम किंवा त्याहून जास्त असावे. ७ च्या खाली गेले तर तो गंभीर रक्तक्षय मानला जातो. अशा बाईला बाळंतपणात थोडा जास्त रक्तस्राव झाला तरी जिवावर बेतू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ च्या फेरीत देशातील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. म्हणजे हा दुसऱ्यांच्या घरचा प्रश्न नाही.

दुसरी गोष्ट रक्तगट. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर पुढच्या बाळाला धोका पोहोचू शकतो. तो टाळण्यासाठी २८ व्या आठवड्याच्या सुमारास आणि बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन देतात. पण गटच माहीत नसेल तर इंजेक्शन द्यायचे हे कोणाला कळणार?

तिसरी गोष्ट पूर्व विदर्भासाठी खास महत्त्वाची आहे, ती म्हणजे सिकलसेल. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, त्यामुळे असह्य वेदना आणि रक्तक्षय होतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर या पट्ट्यात तो बराच आढळतो. आदिवासी आणि काही इतर समाजांत त्याचे प्रमाण जास्त असले तरी रक्त धर्म विचारून वाहत नाही. वाहक व्यक्ती वरून अगदी ठणठणीत दिसते. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून आई वाहक निघाली की वडिलांचेही रक्त तपासतात. आधी कळले तर डॉक्टरांशी वेळेत बोलता येते आणि बाळाची जन्मानंतर लगेच तपासणी करून उपचार सुरू करता येतात. १ जुलै २०२३ रोजी देशात सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले आहे, तेव्हा आपल्या आशाताईंकडे या चाचणीची चौकशी जरूर करावी.

याशिवाय साखर, कावीळ बी, सिफिलिस आणि एचआयव्हीची तपासणी होते. शेवटच्या दोन नावांनी घरात कुजबुज होऊ देऊ नका. या चाचण्या प्रत्येक गर्भवतीला सांगितल्या जातात. त्यामागे कोणाच्या चारित्र्यावर संशय नसतो. आईला संसर्ग असल्याचे वेळेत कळले तर बाळाला वाचवणारे उपचार आहेत, एवढाच त्याचा हेतू.

किती रक्त जाते?

"आधीच अंगात रक्त नाही, त्यात हे काढून घेतात," ही तक्रार आपण सर्वांनीच ऐकली आहे. हिशेब असा आहे. एका नळीत साधारण दोन ते पाच मिलिलिटर रक्त घेतात. पहिल्या भेटीत दोन-तीन नळ्या भरल्या तरी दोन-तीन चहाच्या चमच्यांपेक्षा जास्त होत नाही. रक्तदान करणारा माणूस एका वेळी ३५० मिलिलिटर देतो आणि थोड्या वेळाने आपल्या कामाला लागतो. गरोदरपणात तर शरीर स्वतःहून रक्ताचे प्रमाण वाढवत असते. तेव्हा चाचणीने अशक्तपणा येतो, ही समजूत मनातून काढून टाकावी.

चक्कर का येते?

सुईची भीती दोन प्रकारची असते. काहींना टोचण्याच्या वेदनेची किंवा लहानपणीच्या एखाद्या वाईट अनुभवाची भीती असते. त्यांचे काळीज धडधडते, हात थरथरतात. दुसऱ्या प्रकारात रक्त किंवा सुई दिसताच आधी रक्तदाब थोडा वाढतो आणि मग एकदम खाली येतो. डोळ्यांपुढे अंधारी येते, कानात घूं आवाज होतो, माणूस कोसळतो. हे शरीर आपोआप करते. पुष्कळदा ते घराण्यात असते. आईला असेल तर मुलीलाही असू शकते. धट्टेकट्टे पुरुषही असे कोसळतात. म्हणून "एवढ्याशा सुईला घाबरतेस, आई कशी होणार?" असे टोमणे मारू नयेत. ही भित्रेपणाची खूण नाही आणि ईमान कच्चे असल्याची तर मुळीच नाही.

चक्कर येणाऱ्यांसाठी स्नायू ताणण्याची एक सोपी पद्धत आहे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-ग्योरान ओस्ट यांनी १९८० च्या दशकात ती अभ्यासून पुढे आणली. त्यामागचा विचार साधा आहे. रक्तदाब खाली जाऊ लागला की स्नायू आवळून तो वर ठेवायचा. घरी ती अशी करावी:

१. खुर्चीवर आरामात बसा. हात, खांदे आणि पायांचे स्नायू घट्ट आवळा. पोटावर जोर देऊ नका आणि श्वास रोखून धरू नका.
२. दहा-पंधरा सेकंदांनी चेहऱ्यावर ऊब जाणवेल. मग सोडा. अंग पूर्ण ढिले न करता नेहमीसारखे बसा.
३. वीस-तीस सेकंद थांबून पुन्हा करा. असे पाच वेळा.
४. चाचणीच्या आधी आठवडाभर रोज दोन-तीनदा सराव करा. चाचणीच्या वेळी ज्या हातातून रक्त घेणार तो हात मात्र ढिला ठेवा.

रक्तदाब वाढलेला असेल, रक्तस्राव किंवा पोटात दुखणे असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. ज्यांना चक्कर येत नाही, फक्त धडधड होते, त्यांना याची गरज नाही. त्यांनी सावकाश श्वास घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा. मनातल्या मनात तस्बीह पढत श्वासाची लय धरली तरी जीव शांत होतो.

भीतीची पायरी-पायरीने सवय

भीतीपासून जितके पळावे तितकी ती मोठी होते. म्हणून थोडी थोडी तिच्यासमोर जावे. पहिल्या दिवशी सुईचे चित्र पाहावे. दुसऱ्या दिवशी घरीच दंडाला ओढणी हलकेच बांधून मूठ आवळून बसावे. मग उपकेंद्रात जाऊन हिमोग्लोबिनसाठी बोटाला बारीक टोचून घ्यावे. ती चाचणी लहान असते, एका थेंबावर होते. एका पायरीवर धडधड कमी झाली की पुढची पायरी. आठ-पंधरा दिवसांत शिरेतून रक्त देण्याइतकी हिंमत पुष्कळजणींना येते.

चाचणीच्या दिवशी

डॉक्टरांनी उपाशीपोटी यायला सांगितले नसेल तर नाश्ता करून जा. पाणी भरपूर प्या, शीर चटकन सापडते. बाही सहज वर जाईल असा सैल कुर्ता घाला, म्हणजे दंडापुरतेच उघडावे लागेल आणि पडद्याचीही चिंता राहणार नाही. महिला कर्मचारी असेल तर तिनेच रक्त घ्यावे, अशी विनंती करायला संकोच नको.

आत गेल्याबरोबर सांगा: "सिस्टर, मला सुई पाहून चक्कर येते. मला झोपवून रक्त घ्या आणि टोचण्याआधी सांगू नका." काहींना उलट आधी सांगितलेले बरे वाटते, त्यांनी तसे सांगावे. हे एक वाक्य सगळ्यात मोठा उपाय आहे. ते ऐकले की कर्मचारीही घाई करत नाहीत. दिवस भरत आले असतील तर उताणे न झोपता डाव्या कुशीवर झोपावे. नजर दुसरीकडे वळवावी. झाल्यावर लगेच उठू नये, पाच-दहा मिनिटे पडून राहावे. एकाच वेळी सगळ्या चाचण्यांचे रक्त घेता येईल का, हेही विचारावे, म्हणजे वारंवार टोचावे लागणार नाही.

भीती फारच तीव्र असेल, रात्रीची झोप उडत असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. कातडी बधिर करणारे मलम असते. ते तासभर आधी लावले तर टोचणे कमी जाणवते. गरज पडल्यास समुपदेशकाकडे जावे. त्यात कमीपणा नाही.

रमजान आणि चाचणी

काही भगिनी रमजानचे कारण सांगून चाचणी पुढे ढकलतात. चाचणीसाठी रक्त दिल्याने हनफी आणि शाफई, दोन्ही मसलकांनुसार रोजा मोडत नाही. रसूलुल्लाह (स.) यांनी रोजाच्या हालतीत हिजामा केल्याची रिवायत सहीह बुखारीत आहे. हनफी मसलकात वाहते रक्त निघाल्यावर वुजू मात्र नव्याने करावा लागतो, शाफई मसलकात तो तुटत नाही. साखरेच्या चाचणीची गोष्ट वेगळी आहे. तिच्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून पितात आणि दोन तासांनी रक्त देतात. ती रोजा ठेवून होणार नाही. २४ ते २८ व्या आठवड्यात ती पुन्हा करायची असते, तेव्हा हे आठवडे रमजानमध्ये येत असतील तर दिवस आधीच ठरवून घ्या. आणि स्वतःच्या किंवा बाळाच्या तब्येतीला धोका असेल तर गर्भवतीला रोजा सोडण्याची सवलत शरीअतने दिलेलीच आहे.

घरच्यांनी काय करावे?

शौहरने सोबत जावे. बाहेर मोबाईल पाहत उभे राहू नये, परवानगी असेल तर आत जाऊन हात धरावा. सासूबाईंनी "मीही घाबरायचे" एवढे म्हटले तरी सुनेचे अर्धे ओझे उतरते. आशाताईंना आधी फोन करून कोणती चाचणी कुठे होते ते विचारून घ्यावे, म्हणजे खेप वाया जात नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर स्त्रियांची तपासणी होते. २०११ पासून सुरू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातील तपासण्या, औषधे आणि गरज पडल्यास रक्तही मोफत आहे. सगळे अहवाल माता व बाल संरक्षण कार्डासोबत एका पिशवीत ठेवा. बाळंतपणासाठी अचानक भंडाऱ्याला किंवा नागपूरला न्यावे लागले तर तिथल्या डॉक्टरांना सर्वात आधी तेच लागतात. रक्तगट लिहिलेला एक कागद त्या वेळी मोलाची मिनिटे वाचवतो.

भगिनींनो, दवा आणि दुआ या दोन्ही गोष्टी अल्लाह तआलाने आपल्याला दिल्या आहेत. भीती वाटते म्हणून लाजू नका, पण ती लपवून चाचणीही चुकवू नका. आज रात्री घरातल्या एका माणसाला, मग ती अम्मी असो, नणंद असो की शौहर, एवढेच सांगा की मला सुईची भीती वाटते, माझ्यासोबत चला. बाकीचे काम इन्शाअल्लाह सोपे होईल.