बाळ येईपर्यंत : लेखांक ५ – लॅबमधले पाच दिवस

गेल्या आठवड्यात आपण स्त्रीबीज बाहेर काढण्यापर्यंत आलो. इथून पुढचे तीन ते पाच दिवस ते आणि त्याच्या फलनातून बनलेला गर्भ लॅबमध्ये असतात, आणि या दिवसांबद्दल जोडपी सहसा काहीच विचारत नाहीत. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराची सायकल फेल गेली की उल्हासनगर कॅम्प ४ असो वा बदलापूर, बोल लागतो बाईलाच : जिने चढली, आराम केला नाही. हे मला फार खुपतं. गर्भ पोटात सोडण्याआधीच त्याचं बरंच काही ठरून गेलेलं असतं. त्यात बीजाचं वय आणि गुणसूत्रांचा वाटा सर्वांत मोठा, पण लॅबचाही असतो.

स्त्रीबीजात गुणसूत्रांना जागेवर धरून ठेवणारे सूक्ष्म तंतू असतात. बीज थंड पडलं की ते काही मिनिटांत मोडू लागतात. म्हणून सूक्ष्मदर्शकाखालची काचसुद्धा तापवलेली असते आणि सगळं काम ३७ अंशांच्या आसपास चालतं. आम्लता सांभाळायला इन्क्युबेटरमध्ये साधारण ५ ते ६ टक्के कार्बन डायऑक्साइड सोडतात. गर्भ ज्या द्रवात वाढतो त्याची बशी बाहेर काढली की तो वायू उडू लागतो, म्हणून द्रवाच्या थेंबांवर तेलाचा थर असतो आणि दार उगाच उघडायचं नसतं. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के, गर्भनलिकेत मात्र २ ते ८. चांगल्या लॅब तो ५ टक्क्यांवर ठेवतात.

आता हवेकडे येऊ, कारण आपल्या भागात हाच कळीचा मुद्दा आहे. रंग, थिनर, गोंद, प्लायवूड, स्पिरिट, अत्तर यांतून उडणारी रसायनं खोलीत तरंगत राहतात आणि त्यांतली काही थेट तेलात नि द्रवात उतरतात. गर्भाला यकृत नाही, मूत्रपिंड नाही. आलेलं विष गाळायची सोय नाही. म्हणून लॅबमधले लोक डिओ लावून येत नाहीत, आणि नव्या प्लास्टिकच्या बशाही वास उडून जाईपर्यंत उघड्या ठेवल्या जातात. नुकतीच रंगवलेली लॅब लगेच सुरू करणं हा शुद्ध निष्काळजीपणा.

उल्हासनगरभोवती अंबरनाथ-बदलापूरची एमआयडीसी आहे. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस वालधुनी नदीत रसायन ओतलं गेलं तेव्हा शेकडो माणसांना दवाखाना गाठावा लागला होता. बारीक कण गाळणारा फिल्टर धूळ आणि जंतू अडवतो, वायू अडवत नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाचा थर लागतो, आणि खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त, म्हणजे दार उघडलं तरी हवा बाहेर जाते, आत येत नाही. ही सोय असेल तर कॅम्प ४ मधली लॅबही उत्तम चालू शकते. ती नसेल तर उच्चभ्रू वस्तीतला पत्ताही कामाचा नाही.

हवेइतकीच लॅबमधली माणसंही महत्त्वाची. परळच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ ला टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हा डॉ. इंदिरा हिंदुजांचं नाव घरोघरी पोचलं, आणि ते योग्यच. पण त्यांच्यासोबत प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार होते. शस्त्रक्रियेइतकंच लॅबचं काम तिथे मोलाचं होतं. आज जाहिरातीत फक्त डॉक्टरांचा फोटो असतो.

गर्भ वाढतो त्या द्रवाचंही महत्त्व थोडं नाही. नेदरलँड्समध्ये दोन वेगवेगळे द्रव वापरून चाचणी झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात दोन गटांतल्या बाळांच्या जन्मवजनात सरासरी १५८ ग्रॅमचा फरक दिसला. काही दिवसांच्या थेंबाचा परिणाम थेट वजनकाट्यावर.

तेव्हा दवाखान्यात विचारा : कोळशाचा फिल्टर शेवटचा कधी बदलला? इन्क्युबेटरच्या तापमानाची नि वायूची नोंद रोज होते का, आणि ती इन्क्युबेटरच्या पडद्यावरून उतरवता की वेगळ्या मापकाने तपासता? महावितरणचा शटडाऊन असला की यूपीएस किती वेळ टिकतो, जनरेटर आपोआप सुरू होतो का? रात्री अलार्म वाजला तर कुणाचा फोन वाजतो? लॅबमध्ये गर्भ सांभाळणारे भ्रूणतज्ज्ञ कोण, हेही विचारा आणि भेटायला मागा.

पुढच्या आठवड्यात : उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गर्भ कसे जपतात.